दोनशे त्र्याऐंशी अंश

तारीख विचारू नकोस, वेल्को म्हणायचा,
अंश विचार.
आणि हे म्हणणारा माणूस
स्मोल्यानच्या पोस्टात दिवसभर
तारखेचे शिक्के मारायचा.

पृथ्वीला जानेवारी ठाऊक नाही.
ती नुसती एका वळणाशी येते,
दोनशे त्र्याऐंशी अंश आणि वर थोडं,
तिथे कुणाची तरी धूळ सांडलेली असते.

दर वर्षी सहा तास उशीर.
मग लीप वर्ष येतं
आणि उनाड पोराला कान धरून आणावं
तसं सगळं मागे ओढतं.
चारातलं एखादंच वर्ष रोडोपीच्या या उतारावर
अंधारात सापडायचं.
बाकीची कुणाच्या भरदुपारी,
कुणाच्या समुद्रावर, जिथे मोजायला कुणी नाही.

ज्या नक्षत्राचं नाव या उल्कांना,
ते नकाशातून कधीच खोडलं गेलं.
गाव उठलं, आडनाव उरलं.

त्या वर्षी त्याचं गणित म्हणालं, तीन चाळीस.
उणे चौदा. मेंढीच्या कातड्यावर आम्ही तिघं उताणे,
त्सोंका टेपरेकॉर्डरमध्ये पुटपुटत होती:
एक. अंधुक एक. एक.
बॅटरी तिने काखेत धरली होती, गोठू नये म्हणून.
शिखर म्हणजे दूध उतू जाणं,
पाठ वळली की संपलं.
तीन चाळीस झाले. चार झाले.
चहाच्या थर्मासचं झाकण उघडेना.

पाच वाजून दहा मिनिटांनी
त्सोंकाला आकडे म्हणायला श्वास पुरेना.

चुकलो! वेल्को बर्फात उभा राहून ओरडला,
दीड तासाने चुकलो!
लॉटरी लागल्यासारखा.
म्हणजे अजून एक धागा आहे धुळीचा,
कुणालाच माहीत नसलेला.

तो गेला मार्चमध्ये, पहाटे तीन पन्नासला.
इथल्या रिवाजाप्रमाणे फोटोचा कागद दारावर लागला,
तारीख छापलेली.
त्सोंकाने खाली पेन्सिलीने अंश लिहिला.
शाई पावसात पसरली.

वर्ष भरत आलं तेव्हा ती पोस्टात आली.
पाद्री नेहमीची वेळ सांगतो, म्हणाली,
पण पृथ्वी तिथे किती वाजता पोचेल?
मी पावतीच्या पाठीवर मांडलं:
सहा तास, नऊ मिनिटं उशिरा.

दहाला एक मिनिट कमी.
खिडकीशी रांग होती, पेन्शनचा दिवस.
मी शिक्का खाली ठेवला.