मस्टला भूतकाळ नसतो

ग्रिम्सबी. मंगळवार, संध्याकाळचे सहा.
ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर सात माणसं
आणि एक रेडिएटर, दर दहा मिनिटांनी खोकणारा.
फळ्यावर मी लिहिते: मस्ट.
याला भूतकाळ नसतो, मी सांगते.
कालची सक्ती सांगायची, तर हा बाहेरच थांबतो
आणि त्याच्या जागी आत येतो हॅड टू.
बोलताना तर तोही अख्खा येत नाही.
हॅटू.
न चावता गिळलेला घास.

तीन वाक्यं लिहा, मी म्हणते. खरी.

व्हिटेनिस लिहितो:
मला साडेतीनला उठावं लागलं, कारण हॅडॉकला रविवार नसतो.
सगळे हसतात. त्याच्या नखांत अजून खवले आहेत.

त्सेगेरेदा लिहिते:
मला बांगड्या विकाव्या लागल्या.
मला मुलाला सांगावं लागलं की आता जवळच आहे.
मला ते चार वेळा सांगावं लागलं.
मी तिच्या वहीत फक्त एक पूर्णविराम घालते.
दुसरं काही दुरुस्त करण्यासारखं नाही.

नव्वार, जो अलेप्पोत लोकांचे दात बघायचा,
विचारतो ते पुस्तकात शेवटच्या पानावर असतं:
डिडन्ट नीड टू आणि नीडन्ट हॅव, यांत फरक काय?
मी छत्रीचं उदाहरण देते. आम्ही इथे सगळं छत्रीवरच शिकवतो.
पहिल्यात गरज नव्हती, बहुतेक छत्री घरीच राहिली.
दुसऱ्यात तुम्ही ती नेलीत,
दिवसभर वागवलीत,
आणि आभाळ कोरडंच राहिलं.
तो जरा वेळ पेनाचं टोपण लावतो, काढतो.
मग सांगतो:
माझी पदवी. तीन शिक्के. पावाच्या पिशवीत गुंडाळून,
पोटाशी बांधून, पाण्यातून.
आय नीडन्ट हॅव.
उच्चार बिनचूक.
त्यानं एक तरी चूक करायला हवी होती,
म्हणजे मला बोलायला काही उरलं असतं.

शुड हॅव घेते, म्हणजे रोजच्या तोंडातलं शुडा.
त्सेगेरेदा वही मिटते.
हे मला येतं, म्हणते. हे मी रात्री बोलते.

पाऊण तास झाला. आता सपोज्ड टू.
ठरलं होतं, पण घडलं नाही, त्याच्यासाठी.
उदाहरण दरवर्षीचंच, माझं पाठ:
माझे वडील शुक्रवारी यायचे होते.
आईनं त्यांचं ताट ओव्हनमध्ये झाकून ठेवलं होतं,
हे मी सांगत नाही. ते व्याकरणात बसत नाही.
वाक्य मी असं वाचते, जसं पुस्तकातलंच आहे.
सहा जण उतरवून घेतात.
व्हिटेनिस नाही. गोदीतली माणसं असली वाक्यं ओळखतात.
कुठली बोट? तो विचारतो.
मी घड्याळाकडे बघते.
आजच्यापुरतं एवढंच, म्हणते.

ते जिना उतरतात, सात भाषांत.
तो मागे राहून खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवतो.
ठेवायला हव्यात असं काही नव्हतं. रखवालदार असतो त्याला.
खालून तो ओरडतो, नऊला कुलूप लावायचंय.
मी फळा पुसते. हॅड टू जातो, शुडा जातो,
वर कोपऱ्यात मस्ट तेवढा चिकटून.

खोटं शिकवलं मी आज.
म्हणजे अर्धं.
त्यालाही मागे जाता येतं, हॅवचा हात धरून.
फक्त तिथे पोचला की सक्ती संपते त्याची,
कुणाला काही करायला लावू शकत नाही.
नुसता अंदाज करत बसतो:
पाणी फार गार असणार.
त्यांनी हाक मारली असणार.
बहुधा आईच्या नावानं,
मी तेव्हा चार वर्षांची.

पुढच्या मंगळवारी घ्यायला हवं हे.
छत्रीवरच घेईन.