उंडीवाडीची मोजदाद

अकरा घरं.
डांबरी रस्ता वर सड्यावरच संपतो.
तिथून एकशे चौऱ्याण्णव पायऱ्यांची पाखाडी
(इसाकचाचा म्हणतो एकशे शहाण्णव;
तळातल्या दोन फक्त सुकतीला दिसतात),
मग गडगा, मग चिंबोऱ्यांनी पोखरलेला बांध,
मग आम्ही,
मग खाडी.

घड्याळ मोबाइलमध्ये आहे
आणि रेंज उंडीच्या झाडाखाली.
बाकी सगळं तिथीवर चालतं.
तिथीची पाऊणपट करा:
चतुर्थीला तीनला पाणी भरतं,
अष्टमीला सहाला.
पलीकडचा दवाखाना, रेशन, पोरांची परीक्षा
या पाढ्यात बसवायची.
नलूचं लग्नसुद्धा भटजींनी मुहूर्तावर नाही,
पाण्यावर लावलं;
वऱ्हाड चिखलात रुतू नये म्हणून.

नवीन होते तेव्हा वाटायचं,
एवढ्या पाण्याशेजारी माणूस शांत होत असेल.
होत नाही.
मी भांड्यावर भांडं आपटलं
की चार घरं सोडून बायजाकाकू विचारते,
आज काय बिनसलं?
शिंकेलाही उत्तर येतं.
गुपित बोलायचं तर होडीत बसून
मधल्या वाळूच्या पट्टीपर्यंत जावं लागतं,
आणि होडी कुठे गेली ते सगळ्यांना दिसतं.

तरी कोणी कोणाच्या ओट्यावर
न बोलावता बसत नाही.
अकरा घरांत अंतर राखायला
फार अक्कल लागते.

पावसकर आणि वाघाटे नऊ वर्षं बोलत नाहीत,
एका माडावरून.
माड आता कोणाच्याच हद्दीत नाही,
गेल्या श्रावणातल्या उधाणात बांधासकट गेला.
अबोला तेवढा जागच्या जागी आहे.
पण पावसकरांची होडी रात्री सुटली
तर वाघाटे पाण्यात उतरतो,
दोर बांधतो,
आणि ओल्या कपड्यांनी घरी जातो.

रात्री मी दिवे मोजते.
कोणी सांगितलेलं नाही. सगळेच मोजतात, हे नंतर कळलं.
माझं घर टोकाचं, वळणावरचं;
भरतीला सगळी वाडी पाण्यात उलटी दिसते.
अकरा वर, अकरा खाली.
सुर्व्यांचं घर मे महिना सोडला तर बंद;
ते धरायचं की नाही यावर मतभेद आहेत.
इसाकचाचा तिन्हीसांजेला त्यांच्या पडवीत जाऊन
बटण दाबून येतो.
बिल कोण भरतं, ते विचारू नये.

माघातल्या एका रात्री दहाच भरले.
पुन्हा मोजले. वर दहा, खाली दहा.
मला चपला सापडेपर्यंत
बांधावर बॅटऱ्या हलायला लागल्या होत्या,
पुढे पावसकर,
सगळ्यांत मागे वाघाटे, कंदील घेऊन.
बायजाकाकूचं दार नुसतं लोटलेलं.
आत काळोख.
उंबरा कोणीच ओलांडेना.
मग आतून आवाज आला:
"मेल्यांनू, बलब गेलाय, मी नाय!"

हसलो का? हसलो, पण नंतर.
तेव्हा वाघाटे मटकन पायरीवर बसला
आणि पावसकरांनी कळशीतलं पाणी
त्याच्यापुढे ठेवलं. हातात दिलं नाही.
काकू पाय पसरून बसलेली.
म्हणाली, मी पन मोजत व्हते.
आठ बॅटऱ्या नि एक कंदील.
सुर्व्यांचा कोन नाय आला?

दुसऱ्या दिवशी पहिल्या भरतीला
बाजारातून बल्ब आले. सात.
ज्याने त्याने दुसऱ्याला न सांगता आणलेले.
काकूने एक लावला, सहा फळीवर ठेवले.
म्हणाली, आता हे संपवल्याबिगर
मला जाता यायचं नाय.

पावसकर आणि वाघाटे अजून बोलत नाहीत.