हातघाई

ग्ल्दानीतल्या अठराव्या इमारतीचं तळघर.
कुस्तीची जुनी चटई, तिला ओल्या लोकरीचा वास,
गरम पाइपावर वाळत टाकलेले सहा जणांचे मोजे.
नोदार आधी बुटांकडे बघतो.
"हे घालून तू पळणार?" लामाराला विचारतो,
आणि पहिला अख्खा तास
नाड्या बांधण्यात जातो.
मधूनच म्हणतो, "किती वाजले रे?"
आम्ही सांगतो.

भिंतीवर ढाल नाही, तलवार नाही,
कुणा गुरूची तसबीर नाही.
एक कॅलेंडर आहे टायरच्या दुकानाचं,
तेही मागच्या वर्षीचं.

त्याच्या लाकडी चाकूला धार नाही, लाल खडू आहे.
दोन मिनिटं झटापट, मग आम्ही उभे राहतो
आणि तो आमच्या अंगावरच्या रेघा मोजतो,
शिंप्याने माप घ्यावं तसा:
ही मनगटाची. ही मांडीची.
ही (बोट मानेपाशी थांबतं)
ही तुझ्या आईला कळवायची.
गुराम सैन्यात होता. पहिल्या दिवशी फार हसायचा.
सतरा रेघा घेऊन खाली बसला,
पाणी मागितलं.

"हाताला घाई नको, पायाला असू दे.
दार कुठे आहे ते आत येतानाच बघून ठेव.
पाकीट मागितलं, पाकीट दे.
कोट मागितला, कोट.
पण 'चल, गाडीत बस' म्हणाला
तर तिथेच, त्याच फरशीवर
नखं, दात, कपाळ, किल्ली,
देवाने आणि कुलूपवाल्याने जे दिलं असेल ते."

तिसऱ्या महिन्यात त्याने आम्हाला लिफ्टमध्ये नेलं.
आमच्याकडची लिफ्ट आधी नाणं खाते, मग हलते.
दार मिटलं. चौघांच्या श्वासाने आरसा धुरकटला.
लाथ उगारायला जागा नाही,
कोपरसुद्धा अर्धंच उघडतं.
"पाठ भिंतीला. हनुवटी खाली.
हात वर, जणू माफी मागते आहेस.
आता ओरड."

लामारा ओरडली नाही.
वीस वर्षं औषधांच्या दुकानात
हलक्या आवाजात
लोकांना त्यांचेच आजार समजावत आलेली बाई.
तिसरा मजला. पाचवा. आठवा. काही नाही.
नोदार रागावला नाही. खाली आलो की खिसा चाचपायचा,
आणखी एक नाणं टाकायचा.

चौथ्या खेपेला, सहाव्याच्या जरा वर,
तिच्यातून जे निघालं ते 'वाचवा' नव्हतं.
एका पुरुषाचं नाव होतं.
आम्ही तिघांनी बटणांकडे बघितलं.

आठव्यावर दार उघडलं तर समोर मझियाआजी,
हातात झारा, झाऱ्यावरून तेल ठिबकतंय,
मागे एका पायात चप्पल घातलेला पोरगा,
आणि त्याच्याही मागे कुत्रा, भुंकायचं विसरलेला.
"कोण मरतंय?"
"आज कुणी नाही," नोदार म्हणाला.
आजीने लामाराकडे नीट बघितलं,
झारा तिच्या हातात दिला
आणि पदार्थ करपेल म्हणून
तोच परत घेऊन आत गेली.

आम्ही जिन्याने उतरलो. लामारा पुढे.
प्रत्येक वळणावर
आधी डोळे, मग पाऊल.
मागून गुरामने विचारलं, "मास्तर, तुमच्यावर कधी वेळ आली?"
"जानेवारीत. याच जिन्यात.
पोरगं थरथरत होतं, चाकूही उलटा धरलेला."
"मग?"
"घड्याळ दिलं."
"आणि मग?"
"घरी जाऊन राजमा खाल्ला. मीठ कमी होतं."

दोन मजले कुणी बोललं नाही.
तळाशी पोचल्यावर त्याने
रिकामं मनगट उगाच एकदा बघितलं.
"किती वाजले रे?"