झडती

निफाडचा पारा साडेपाचवर उतरला,
आज पेपरात आलंय.
मला रात्री दोनलाच कळलं होतं,
आधी डाव्या खांद्याला, मग पाठीला,
मग मानेखालच्या त्या जागेला
जिला मराठीत नाव नाही.

सात वर्षं.
रक्त नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, मी सोडून सगळं नॉर्मल.
शेवटी गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी एक शब्द दिला, फायब्रोमायल्जिया.
तुम्ही तो रिक्षात घोकत आलात
आणि अजूनही ‘फायब्रोमाल’ म्हणता,
जणू अंबडहून टेम्पोत भरून आणायचा कच्चा माल.
वन्सं म्हणाल्या, दिसत तर काही नाही हो.
नाहीच दिसत.

मग दोन रविवार तुम्ही
जेलरोडच्या हॉलमध्ये जाऊन बसलात.
गायधनी मॅडमच्या सहीचं प्रमाणपत्र आणलंत, लॅमिनेट करून.
एकवीस दिवस पहाटे सतरंजीवर
स्वतःवरच सराव,
मध्ये डोळा लागून घोरलात ते मी मोजलं नाही.
‘फक्त आज मी रागावणार नाही’
असं मोठ्याने वाचलंत
आणि दुपारी केबलवाल्याची आई-बहीण काढलीत.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये होते हे हात.
शीटवरचा शाईचा फुटका ठिपका
अंगठ्याने ओळखायचे.
किती कोटी गेले त्यांच्याखालून.
आणि रोज भोंगा झाला की गेटवर झडती,
हात वर, बोटं फाकवून:
काही नाही.
रोज ‘काही नाही’ घेऊन घरी आलात तुम्ही,
त्यातच दोन मुलं शिकली.

तेच हात आता एकमेकांवर घासून
माझ्या पाठीवर ठेवता.
एका जागी तीन मिनिटं, मोबाईलला घंटी लावून.
“काही वाटतंय?”
“ऊब,” मी म्हणते.
ते खोटं नाही.
मनपाच्या शाळेत बावीस वर्षं मी विज्ञान शिकवलं,
ऊब गरमकडून गारकडे जाते, खडूने बाण काढून.
विश्वातली शक्ती कुठून शिरते, तो बाण
मला काढता येणार नाही.
तुम्हाला विचारलंही नाही.
गोळ्या चालूच आहेत, मंगळवारची अपॉइंटमेंटही,
आणि दुखणं दोनच्या मालगाडीसारखं
नाशिकरोडला न थांबता
अख्खं माझ्यावरून जातं.

पण सात वर्षांत या पाठीला
ज्यांनी हात लावला
त्यांनी दाबायला लावला, “इथे? की इथे?” विचारायला,
नाहीतर उत्तर न पटून परत दाबायला.
नुसता ठेवलेला हात
हा पहिलाच.

परवा तो त्या बिननावाच्या जागेवर होता.
उजवा स्थिर.
डावा नव्हता.
करंगळीत सुरू होऊन मनगटाकडे जाणारी
बारीक थरथर,
भिंतीच्या आत अडकलेली मधमाशी असते तशी.
“जाणवली ऊर्जा?” तुम्ही विचारलंत,
किती आशेने.

आणि मला एकेक आठवत गेलं.
चहा हल्ली एकाच हाताने,
दुसरा स्वेटरच्या खिशात.
हयातीच्या दाखल्यावर सही दोनदा खोडलेली.
मुक्तिधामच्या बाहेर चपला घालताना
खांब धरून उभे राहिलात,
म्हणालात, बघतोय, फरशी नवी बसवलीय का.
किती महिने लपवून
आत-बाहेर करत होतात हे?
गेटवरच्या कुणालाच सापडलं नसतं ते
माझ्या दुखऱ्या पाठीला सापडलं.

तोंड उशीत होतं ते बरं.
“जाणवली,” मी म्हटलं.
घंटी वाजली, तुम्ही हात उचलायला लागलात.
“राहू द्या. अजून तीन मिनिटं.
डावाच.”

सकाळी तुम्ही आंघोळीला गेल्यावर
दवाखान्यात फोन करून
मंगळवारी आणखी एक नाव घातलंय.
कंपाउंडरने विचारलं, पेशंटचं वय?
मला पटकन सांगता येईना.

तुम्हाला सांगायचं आहे.
फक्त आज
नाही सांगणार.