प्रेताचं भाडं

माझं अक्षर चांगलं होतं, एवढीच माझी लायकी.
बापानं नांगराला जुंपायच्या आत
एका पाद्र्यानं ती हेरली,
आणि एकोणिसाव्या वर्षी मी थॉर्नबरोसाहेबांच्या रेल्वेत
पास लिहायला बसलो.

फुकटचे पास. दर वर्षी नवा रंग.
त्र्याहत्तरला पिवळसर, चौऱ्याहत्तरला निळा,
सिनेटर निवडायचा होता त्या साली
गडद लाल, सोनेरी कडेचा.
जानेवारीत शाई दौतीतच गोठायची.
ती स्टोव्हवर शेकत शेकत मी लिहायचो :
न्यायमूर्ती अमुक, सहकुटुंब.
आमदार तमुक, सहकुटुंब, आणि मेव्हणा.
एक संपादक होता, त्यानं साहेबांना अग्रलेखात अजगर म्हटलेलं.
त्याचा पास साहेब स्वतः घेऊन गेले.
पुढच्या अंकात अजगर नव्हता,
गव्हाच्या भावावर पानभर मजकूर होता.

साहेबांनी कुणाला लाच दिली नाही.
बायबलवर हात ठेवून सांगेन.
ते फक्त विचारत, "प्रवासाचा त्रास नाही ना होत?"
आणि कुणाला तो झालेला
त्यांना बघवत नसे.

एकच माणूस पास परत पाठवायचा, पाकीट न फोडता.
एझ्रा मॅककोल, दक्षिणेकडच्या मक्याच्या जिल्ह्यातला.
अधिवेशनाला खेचरांच्या गाडीतून यायचा, चार दिवस,
दाढीत बर्फ घेऊन.
त्या लाल पासाच्या साली
तो रात्री माझ्या खिडकीशी आला.
बायको ओमाहाच्या इस्पितळात होती.
टोपी हातात. बराच वेळ बोललाच नाही.
मी लेखणी बुडवली.
"सहकुटुंब लिहू नका," म्हणाला,
"घरात आता मी एकटाच आहे."

साहेब अकरा मतांनी सिनेटर झाले.
त्याच्या मताची तशी गरजही नव्हती.

मग वात्स्लाव ह्रुष्का.
डबे जोडणारा. आधी दोन बोटं गेली,
ती दाखवून तो पोरांना हसवायचा.
नंतर धुक्यात दोन डब्यांच्या मधे तो अख्खाच गेला.
ल्युडमिलाला त्याला गावी न्यायचं होतं,
दोनशे मैल पश्चिमेला, बापाशेजारी.
मी वर चिठ्ठी पाठवली. माणूस आपलाच होता,
आपल्याच रुळांवर गेलेला.
चिठ्ठी खाली आली ती नियम होऊन :
प्रेतास पास नाही.
पहिल्या वर्गाचं एक भाडं,
आणि सोबतीला जिवंत माणूस, त्याचं वेगळं.
खाली साहेबांची सही, शेपटी डावीकडे वळलेली.
तिनं शिवणयंत्र विकलं.
मी पावती लिहिली.
अक्षर नेहमीसारखंच आलं, याची मला अजून लाज वाटते.

साहेब वॉशिंग्टनला गेले, मार्च महिन्यात, जेवताना.
त्यांचा खास डबा इथवर आला, इथून पुढे आमची लाईन.
चिरंजीवांचा सचिव यादी घेऊन आला,
चौसष्ट शोकाकुलांची. काळ्या कडेचे पास.
मी लिहिले. सगळे. खाल्ल्या मिठाला जागलो.
मग म्हणालो, एक राहिलाय.
"कोण?"
मी नियमांचं पुस्तक फिरवून त्याच्यासमोर ठेवलं,
आणि सहीवर बोट.

वाटलं होतं, तो चिडेल. निदान लाल होईल.
त्यानं वाचलंसुद्धा नाही.
सोन्याचं नाणं टाकलं, घड्याळ पाहिलं, गेला.
ल्युडमिलाचं यंत्र ज्यात गेलं
ते त्याच्या खिशातलं सुटं होतं.

गाडी हलली. काच थरथरली.
मी वही उघडून नोंद केली :
प्रवासी, अल्फियस थॉर्नबरो. पहिला वर्ग. जाण्याचं फक्त.
परत देणं, एक डॉलर चाळीस सेंट.

ते पैसे अजून खणात आहेत.
नियम असा आहे
की उरलेली रक्कम प्रवाशानं
स्वतः खिडकीवर येऊन न्यावी.