जमेची बाजू

कुताईसीत रात्री दोनला
वडिलांची भट्टी पेटते,
तेव्हा मी वहीत उभी रेघ मारते :
डावीकडे तुरीन, उजवीकडे मॉन्ट्रियल.
दोन्हीकडून होकार आलाय.
विषय एकच, व्यवसाय व्यवस्थापन,
आणि नाव दोघांनीही चुकवलंय माझं.
तुरीनने एक अक्षर खाल्लं,
मॉन्ट्रियलने मला सरळ श्रीयुत करून टाकलं.

मॉन्ट्रियल : निम्मी फी माफ.
नंतर कामाचा परवाना.
हिवाळा उणे पंचवीस.
तुरीन : फी मुळातच बेताची,
पण शिष्यवृत्तीचं वरातीमागून घोडं,
निकाल म्हणे नोव्हेंबरात.
भाषा : येत नाही.
नोकरी : देव जाणे.
आणि मग पेन्सिल अडते.
तुरीनला आई आहे.

कुठल्या रकान्यात लिहायची ती?

तीन महिन्यांसाठी गेली होती,
त्याला सात वर्षं झाली.
कागद नव्हते तोवर येता आलं नाही,
कागद झाले आणि सिन्योरा ब्रुनेल्ला न्हाणीघरात पडली.
तिला उठवते, बसवते,
रात्री तीनदा कूस बदलून देते.
त्सिसाना म्हणता येत नाही त्यांना,
म्हणून तिकडे ती सुझाना.
सुट्टी गुरुवारी दुपारी आणि रविवारी.
आमच्या भट्टीचं नवं छप्पर,
माझी इंग्रजीची शिकवणी,
समोरचे दोन दात,
सगळं त्या म्हातारीच्या कुशीवर उभं आहे.

"कॅनडाला जा, इयामझे," आई फोनवर म्हणते.
"इथे आपला उच्चार कानावर पडला
की आधी विचारतात, रात्रीची राहशील का?"
मागे कुणीतरी खोकतं.
"थांब हं," म्हणते, आणि मी थांबते.
सात वर्षांत थांबायला मी चांगली शिकलेय.

वडिलांना विचारलं.
त्यांनी पोळा भट्टीच्या भिंतीवर थापला,
हातावरचे जळके केस झटकले,
म्हणाले, "तिकडे पाव कसला मिळतो?"
"कुठे तिकडे?"
"दोन्हीकडे."

शाळेत शोरेना बाईंनी फळ्यावर लिहिलं : संधी-खर्च.
जे सोडून दिलं त्याची किंमत.
"उदाहरण दे," म्हणाल्या.
मी द्राक्षं आणि मक्याचं दिलं, पुस्तकातलंच.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात खोकं आलं.
नेहमीसारखं दोऱ्यांनी जखडलेलं,
वर आमचा पत्ता तिच्या तिरक्या अक्षरात.
कॉफी, ऑलिव्हचं तेल, सिन्योराच्या मुलीचा जुना कोट,
आणि तळाशी बूट.
आत लोकर, खाली दातेरी तळवा,
बर्फात पाय रोवून उभं राहण्यासाठी.
म्हणजे तिने ठरवून टाकलं होतं.
तिच्या किती रविवारांचे असतील ते बूट!

मी पाय घातला.
टाच बाहेरच राहिली.
सदतीस नंबर.
माझा एकोणचाळीस आहे, दोन वर्षं झाली.

फोनवर ती मार्क विचारायची,
दात विचारायची, पाळी विचारायची.
पाय विचारायचा राहून गेला.

बूट शेजारच्या एकाला दिले, तिला नीट बसले.
वहीतलं ते पान मी फाडलं नाही.
उजवी बाजू अजूनही जड आहे,
कुणीही बेरीज करून बघावी.

तीस तारखेला बँकेत गेले.
नोटांना पिठाचा वास,
खिडकीतल्या बाईने दोनदा मोजल्या.
"पैसे कशासाठी पाठवताय?
इथे कारण लिहा."
रकाना बोटभर होता.
मी लिहिलं : फी, तुरीन.

आईला अजून सांगितलेलं नाही.
ओरडेल. मग खोकला येईल, मग थांब हं.
वेळापत्रक आलंय, पहिल्या सत्राचं :
हिशेबशास्त्र, गुरुवारी, दुपारी दोन ते चार.
छान.
पहिलाच तास बुडणार.