नेढं नसलेली सुई

दोऱ्याचं टोक आधी ओठांत धरायचं,
थुंकीनं भिजवून, दातानं चपटं करून, मग नेढ्यात.
अठ्ठावीस वर्षं. शनिवार पेठेत, पिठाच्या गिरणीला लागून
माझं मशीन. ब्लाऊज, फॉल, पिको.
लग्नसराईत रात्रीचे दोन वाजायचे
आणि तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी भांडताही यायचं.

मग जिभेच्या कडेला ते उगवलं.
मशेरीचा डबा मुलानं गटारात ओतला, बोलला काही नाही.
तेहतीस वेळा त्या यंत्राखाली.
तोंडावर जाळीचा मुखवटा, टेबलाला चारी बाजूंनी अडकवलेला,
माझ्याच मापाचा. इतकं बरोबर माप
कुणाच्या पाठीचं मला कधी जमलं नव्हतं.

गाठ गेली.
तोंडचं पाणी पळालं म्हणतात ना,
ते भीतीनं पळतं आणि परत येतं.
हे जळून गेलं.

भाकरी भुशासारखी. पांढऱ्या रश्श्यात कालवायची,
त्यातही वरून पाणी. तांबड्याचं नावच नको.
रात्री जीभ टाळूला चिकटायची, सोलून काढावी लागायची.
उशाशी बाटली, मशीनपाशी बाटली, केएमटीत बाटली.
जावेच्या मयतालाही बाटली. सगळे आवंढा गिळत होते,
माझ्याकडं गिळायला काही नव्हतं.

दोऱ्यासाठी वाटीत पाणी ठेवलं.
शिकायला येणारी तस्लीम बघायची,
मान खाली घालून काजं करायची.

राजारामपुरी, सातवी गल्ली, पहिला मजला.
“मी आलो,” म्हटलं दारातून,
तर नाशिककडची डॉक्टरीण माझ्या मागं
कुणी बाप्या उभा आहे का बघायला लागली.
अगं बाई, इथं बायका असंच बोलतात.
हसली. मग सरळ सांगून टाकलं,
हमी नाही मावशी. काहींना सुटतं थोडं, काहींना नाही.
खोटं बोलली नाही म्हणून चप्पल काढून बसलो.

सुई बघू आधी, म्हटलं.
उजेडात धरली तिनं, हात लावू दिला नाही.
केसाएवढी. आणि नेढंच नाही.
मग हिच्यात ओवायचं काय?
काही नाही, म्हणाली.

तीन-तीन दोन्ही कानांत, एकेक तर्जनीच्या बुडाशी.
एवढी कापडं टोचली, कुठल्या कापडाला विचारलं नव्हतं कसं वाटतं ते.
मुंगी चावावी तसं, मग जडसर, मग नुसतं बसून राहणं.
कात्रीची बोटं मांडीवर गप्प.
वीस मिनिटं. खालून रसाच्या गाड्याची घुंगरं.

पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्यात नाही.
चौथ्याला मुलगा म्हणाला, आई, पैसे पाण्यात चालले.
म्हटलं, पाण्यात गेले असते तर बरंच झालं असतं की रे.

सातव्या वेळी जिना उतरलो
तर गाड्यावर कुणीतरी कैरी चिरत होतं, तिखटमीठ लावून.
कानाखाली, जबड्याच्या मागं कळ आली,
बारीक, ओळखीची,
पाळण्यातलं पोर रडलं की पान्हा फुटायच्या आधी यायची तशी.
तिथंच थांबलो.
जिभेखाली एक थेंब असेल. दीड असेल.
गिळवेना. तोंड मिटून उभा राहिलो,
केएमटी आली, गेली.

घरी दोरा ओठांत धरला.
टोक ओलं झालं, निदान मला वाटलं.
दोनदा नेढ्यावरनं घसरला, तिसऱ्यांदा गेला.
तस्लीम म्हणते, मावशी, मधेच तुम्ही वाटीत बोट बुडवलं होतं.
बुडवलं असेल.
वाटी अजून तिथंच आहे.
मंगळवारी आठवी वेळ.